बुडबुडे आले कुठून? स्पार्कलिंग वाईन आणि तिची द्राक्षं

आत्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या संध्याकाळी आम्ही सगळे गोरेगावला तिच्याकडे जमलो होतो. आतेभावाने फ्रिजमधून बाटली काढली तसं काकांनी विचारलं, "शॅम्पेन का रे?" तो म्हणाला, "नाही बाबा, नाशिकची स्पार्कलिंग वाईन आहे." बूच निघालं, ग्लास भरले. आत्याने ग्लास ट्यूबलाइटच्या उजेडात धरून तळातून वर येणारी बुडबुड्यांची माळ बराच वेळ पाहिली. मग केकचा घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि म्हणाली, "आंबटढाण आहे रे! आणि बुडबुडे तर गोटी सोड्यातही असतात. मग याला एवढा भाव कशाला?"

तिथे गर्दीत मी तिला अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं. पण तिचे दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे होते, आणि त्यांची नीट उत्तरं दिली तर स्पार्कलिंग वाईनचा जवळजवळ सगळा विषय उलगडतो. म्हणून आता सावकाश लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सगळी शॅम्पेन ही स्पार्कलिंग वाईन असते, पण सगळ्या स्पार्कलिंग वाईनना शॅम्पेन म्हणता येत नाही. शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा एक प्रदेश आहे. रॅंस आणि एपर्ने ही त्यातली मुख्य गावं. तिथल्याच द्राक्षांची, तिथेच, तिथल्या नियमांनी केलेली वाईन तेवढी शॅम्पेन. देवगडच्या हापूसला देवगडचा म्हणतात, तसंच हे. स्पेनमध्ये कावा, इटलीत प्रोसेक्को, जर्मनीत झेक्ट, आणि फ्रान्समध्येच शॅम्पेनच्या बाहेर क्रेमाँ, अशी प्रत्येकाची वेगळी नावं आहेत. नावं पाठ करायची गरज नाही. कुठलीही बाटली समोर आली की मी दोनच गोष्टी शोधतो: बुडबुडे कुठे तयार झाले, आणि द्राक्ष कोणतं आहे.

वायू कोंडायचा कुठे?

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बेकरीत पावाचं पीठ फुगतं ते याच वायूमुळे. साधी वाईन करताना हा वायू टाकीच्या तोंडातून हवेत निघून जातो, कोणी त्याला अडवत नाही. स्पार्कलिंग वाईन करणारा मात्र त्याला अडवतो. तो कुठे अडवला यावर वाईनची चव, तिचा वास, तिची किंमत, सगळं ठरतं.

सगळ्यात सोपा मार्ग गोटी सोड्याचा. पाणी गार करायचं, सिलिंडरमधून वायू दाबाने आत सोडायचा आणि तोंड बंद करायचं. गोटी सोड्याच्या बाटलीत तर तोच दाब गोटीला वरच्या रबराच्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने 1872 साली या बाटलीचं पेटंट घेतलं. वाईनमध्येही असा वरून वायू भरता येतो आणि स्वस्त बाटल्यांमध्ये तो भरलाही जातो. अशा वाईनचा फेस ग्लासात ओतताक्षणी जोरात वर येतो आणि लवकर विरतो. त्यात यीस्टचं दुसऱ्यांदा काही काम झालेलं नसतं, त्यामुळे चव मूळ वाईनची असते तेवढीच राहते. आत्याची तुलना या प्रकाराला अगदी चपखल लागू पडते.

पण तिच्या ग्लासात होती ती वाईन वेगळ्या वाटेने आली होती. शॅम्पेनचीही तीच वाट, आणि तिला पारंपरिक पद्धत म्हणतात. ती समजली की बाकीच्या पद्धती समजायला वेळ लागत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी नेहमीसारखी साधी वाईन करतात. बुडबुडे नाहीत, अल्कोहोल जरा कमी, आणि आंबटपणा इतका की नुसती प्यायला नको वाटेल. वेगवेगळ्या बागांच्या, कधी वेगवेगळ्या वर्षांच्या अशा वाईन एकत्र करून मिश्रण ठरवतात. मग ती बाटल्यांमध्ये भरतात आणि प्रत्येक लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून तोंड बंद करतात. बाटलीत सगळं पुन्हा आंबायला लागतं, पण आता वायूला बाहेर पडायला वाट नसते. तो वाईनमध्येच विरघळतो. हळूहळू दाब 5 ते 6 अ‍ॅटमॉस्फियरवर जातो. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: पेट्रोल पंपावर हवा भरणारा विचारतो, "बत्तीस भरू?" त्याच मापात मोजलं तर या बाटलीतला दाब 75 ते 90 भरेल. म्हणून ती काच इतकी जाड, तळाला तो खळगा, आणि बुचावर ती तारेची जाळी.

सगळी साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बाटलीच्या कुशीत बसतं. आता काढून टाकायचं, असं आपल्याला वाटेल. पण खरी करामत इथून सुरू होते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वाईन त्या गाळावर पडून राहते. मेलेल्या यीस्टच्या पेशी विरघळत जातात आणि त्यांच्यातले घटक वाईनमध्ये उतरतात. त्यांनी वाईनला भरीव, जरा साईसारखा पोत येतो, फेस टिकून राहतो आणि वास पूर्ण बदलतो. वायू सोड्यातला आणि इथला एकच आहे. फरक पडतो तो या गाळाच्या सोबतीने.

हा वास मी आत्याला कसा ओळखायला लावला ते सांगतो. तिचं लहानपण गिरगावात गेलं. पुढे एकदा निवांत बसलो असताना मी तिला ग्लास दिला आणि म्हटलं, "आत्या, पिऊ नकोस, आधी नुसता वास घे आणि काय आठवतं ते सांग." तिने डोळे मिटले. "लिंबू," म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि पहाटेची बेकरी. भट्टीतून पाव काढल्यावर गल्लीत वास यायचा ना, तसा." तिला यीस्टबद्दल तोवर मी काहीही सांगितलेलं नव्हतं. पाव, टोस्ट, खारी, भाजलेले बदाम, असे वास आले तर समजावं की वाईनने गाळावर बराच काळ काढला आहे.

नियमच तसा आहे. लेबलवर तोडणीचं वर्ष न छापलेली शॅम्पेन किमान 15 महिने तळघरात ठेवावी लागते आणि त्यातले 12 महिने गाळावर. वर्ष छापलेली असेल तर किमान 3 वर्षं. कावासाठी किमान 9 महिने. प्रत्यक्षात चांगले उत्पादक याहून खूप जास्त थांबतात. एवढा काळ हजारो बाटल्या थंड जागी पडून राहणार, पैसा अडकून राहणार. "एवढा भाव कशाला" याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर गाळ बाहेर काढण्यात. बाटली उघडली तर वायू जाणार, आणि न उघडता गाळ काढायचा कसा? हे कोडं एका विधवेच्या तळघरात सुटलं. बार्ब-निकोल क्लिको हिचा नवरा 1805 साली गेला तेव्हा ती 27 वर्षांची होती. घरच्या वाईनच्या धंद्याची सूत्रं तिने हातात घेतली आणि 1816 च्या सुमारास तिच्याकडे एक युक्ती निघाली. लाकडी फळीला भोकं पाडायची, बाटल्या मानेकडून त्यात खोचायच्या आणि रोज प्रत्येक बाटली जरा हलवून, फिरवून, थोडी थोडी उभी करत न्यायची. काही आठवड्यांत बाटली पूर्ण उलटी होते आणि सगळा गाळ बुचाशी येऊन बसतो. मग मान गोठवायची, बूच काढायचं, की आतला दाबच गाळाचा गोठलेला गोळा बाहेर फेकतो. जेवढी वाईन सांडली तेवढी थोड्या गोड वाईनने भरून काढायची आणि कायमचं बूच लावायचं. आज फिरवण्याचं काम बहुतेक ठिकाणी यंत्राचे पिंजरे आठवडाभरात करतात, पण पद्धत तीच. व्हव क्लिको या शॅम्पेनच्या नावातला व्हव म्हणजे विधवा.

डाँ पेरिन्यों या भिक्षूने शॅम्पेन शोधली ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी नाही. ओव्हिलेच्या मठात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने द्राक्षं निवडण्यात आणि मिश्रण करण्यात मोठं काम केलं, पण बुडबुडे त्याने आणले नाहीत. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट याने 1662 सालीच रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलं होतं की वाईनमध्ये साखर घालून ती फेसाळती करतात. तिकडे कोळशाच्या भट्टीत मजबूत काच तयार व्हायची, म्हणून बाटल्या दाब सोसायच्या. फ्रान्समध्ये थंडी पडली की आंबणं अर्धवट थांबायचं आणि वसंतात बाटलीत आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे बुडबुडे आधी निसर्गाने दिले, त्यांना वेसण घालायला माणसाला पुढे शे-दीडशे वर्षं लागली.

टाकीतले बुडबुडे

आता प्रोसेक्को. यातही दुसऱ्यांदा आंबवतात, पण छोट्या बाटल्यांऐवजी बंद, दाब सोसणाऱ्या मोठ्या स्टीलच्या टाकीत. इटलीच्या फेदेरिको मार्टिनोत्ती याने 1895 साली या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे फ्रान्सच्या यूजेन शार्मा याने ती सुधारली, म्हणून दोघांचीही नावं तिला चिकटली आहेत. काही आठवड्यांत काम होतं, वाईन दाबाखालीच गाळतात आणि बाटल्या भरतात. गाळाशी सहवास थोडाच, त्यामुळे पावाचा वास नाही. वास येतो तो फळांचा: हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं. दाबही शॅम्पेनपेक्षा कमी, म्हणून जिभेवर ती हलकी लागते.

टाकीची पद्धत स्वस्त पडते, म्हणून ती कमअस्सल, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. मोगऱ्याचा गजरा ताजाच माळावा लागतो, तशी काही द्राक्षं ताजी असतानाच खुलतात. प्रोसेक्कोच्या द्राक्षाला दोन वर्षं गाळावर ठेवलं तर त्याचा नाजूक वास दबून जाईल. द्राक्ष पाहून पद्धत निवडलेली असते, हे एकदा ध्यानात आलं की भांडण मिटतं.

तिसरी एक जुनी पद्धत आहे. पहिलं आंबणं संपायच्या आधीच वाईन बाटलीत भरायची आणि उरलेलं आंबणं बाटलीत होऊ द्यायचं. साखर घालायची नाही, बहुधा गाळही काढायचा नाही. दक्षिण फ्रान्समधल्या लिमूजवळच्या सेंट-इलेर मठात अशी वाईन 1531 साली होत होती असं मानतात. हल्ली ती 'पेट-नाट' या नावाने पुन्हा चालते. दिसायला गढूळ, चवीला रांगडी, आणि दर बाटलीगणिक थोडी वेगळी.

द्राक्ष कोणतं

गेल्या जानेवारीत दिंडोरीजवळ मामांच्या बागेत होतो. त्यांच्याकडे काही एकर टेबल ग्रेप, म्हणजे खायची द्राक्षं, आणि थोडी वाईनची. त्यांनी शिराझचा एक काळाभोर मणी तोडून माझ्या तळहातावर दाबला. साल फुटली, आणि आतून जो रस निघाला तो पाण्यासारखा होता. रंग सगळा सालीत. मणी बारीक, साल जाड, आत दोन-तीन बिया. आपल्या खायच्या थॉमसन द्राक्षाशी काही साम्य नाही.

हे पाहिलं की शॅम्पेनचं एक मोठं कोडं सुटतं. तिथली तीन मुख्य द्राक्षं म्हणजे शार्दोने, पिनो न्वार आणि मनिये. त्यांतलं शार्दोने तेवढं हिरवं, बाकीची दोन काळी. तरी वाईन फिकट सोनेरी होते, कारण घड अख्खेच्या अख्खे, हलक्या दाबाने, पटकन पिळतात आणि सालीचा रंग रसात उतरूच देत नाहीत. 4000 किलो द्राक्षांतून 2550 लिटरच रस घ्यायचा, असा नियम आहे. पैकी आधीचे 2050 लिटर सगळ्यांत चांगले मानतात. लेबलवर 'ब्लाँ द ब्लाँ' असेल तर फक्त हिरव्या द्राक्षांची, म्हणजे शॅम्पेनमध्ये बहुधा निव्वळ शार्दोनेची. 'ब्लाँ द न्वार' असेल तर काळ्या द्राक्षांची पांढरी वाईन. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, करताना थोडा वेळ सालीसोबत रस ठेवतात, किंवा थोडी लाल वाईन मिसळतात.

प्रत्येक द्राक्ष काय देतं? शार्दोनेतून लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा करकरीतपणा येतो आणि वाईन वर्षानुवर्षं टिकते. पिनो न्वारमुळे तिला अंग येतं, स्ट्रॉबेरी-चेरीची झाक येते. मनियेचे डोळे उशिरा फुटतात, म्हणून वसंतातल्या दवगोठीतून ते बऱ्याचदा वाचतं. त्याची वाईन लवकर पिण्याजोगी, फळांनी भरलेली असते.

प्रोसेक्कोच्या द्राक्षाचं नाव ग्लेरा. पूर्वी द्राक्षालाही प्रोसेक्कोच म्हणत. 2009 साली नाव बदलून ग्लेरा केलं आणि प्रोसेक्को हे प्रदेशाचं नाव म्हणून राखलं. बाटलीत किमान 85 टक्के ग्लेरा लागतंच. त्यातही कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या गावांमधल्या उभ्या टेकड्यांवरचं नावाजलेलं. त्या टेकड्या 2019 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

कावामध्ये मकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा ही स्पेनच्या कातालोनिया भागातली स्थानिक त्रयी. पद्धत शॅम्पेनचीच, आणि सुरुवात 1872 ची. योगायोग असा की आपल्या गोटीच्या बाटलीचं पेटंटही त्याच सालचं. कमी पैशांत पावाच्या वासाची वाईन हवी असेल तर मी कावाच सुचवतो.

मोस्कातोची गोष्ट निराळी. त्याचा वास अत्तरासारखा: गुलाब, संत्र्याची फुलं, पिकलेलं पीच. त्याची मोस्कातो दास्ती ही इटलीतली वाईन करताना आंबणं मध्येच गारठवून थांबवतात, त्यामुळे भरपूर साखर उरते आणि अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपासच राहतं. बुडबुडेही अलवार. ज्यांना वाईन कडवट लागते त्यांना मी पहिल्यांदा हीच देतो. याखेरीज जर्मनीत रीसलिंगची झेक्ट होते, इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागात लाम्ब्रुस्को ही लाल फेसाळती वाईन होते. आणि फ्रान्सच्या ल्वार नदीच्या खोऱ्यात शेनिन ब्लाँ. या शेवटच्या नावाशी आपला थेट संबंध आहे.

नाशिकचं शेनिन

स्पार्कलिंग वाईनला आंबट द्राक्ष लागतं. पिकलेलं, पण आंबट. आंबटपणा नसेल तर बुडबुड्यांसकट ती मिळमिळीत लागते. थंड प्रदेशात द्राक्ष हळूहळू पिकतं आणि आंबटपणा टिकतो. रात्री उबदार असल्या तर तो वेलीवरच जळून जातो. मग नाशिकला हे जमतं कसं?

याचं उत्तर द्राक्ष बागायतदारांच्या वर्षाच्या आखणीत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी वर्षातून एकदा होते आणि तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गोडी छाटणी करून घड धरतात. फळ पिकतं ते ऐन थंडीत. दर हिवाळ्यात पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते ना, ती थंडी द्राक्षातला आंबटपणा राखते. दिवसा ऊन, रात्री गारठा, आणि नाशिकची उंची सुमारे 600 मीटर. समुद्रकाठच्या मुंबईपासून पाऊणदोनशे किलोमीटरवर हवा इतकी पालटते.

त्यात शेनिन ब्लाँ हे मुळातच आंबटपणा न सोडणारं द्राक्ष, म्हणून ते इथे रुळलं. स्पार्कलिंगसाठी ते साध्या वाईनच्या द्राक्षापेक्षा लवकर तोडतात. मामांना याचं सुरुवातीला फार नवल वाटायचं. "अरे, आमच्या टेबल ग्रेपला गोडी भरल्याशिवाय व्यापारी बागेत पाय ठेवत नाही. आणि हे लोक रिफ्रॅक्टोमीटर लावून म्हणतात, अठरा ब्रिक्स झाली, तोडा!" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आणि रिफ्रॅक्टोमीटर ते मोजणारं उपकरण. लाल वाईनसाठी तेच लोक 22-23 ब्रिक्सपर्यंत थांबायला सांगतात. कमी साखर म्हणजे पहिल्या वाईनमध्ये कमी अल्कोहोल. बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्यात ते सव्वाएक टक्क्याने वाढणार असतं, त्याची जागा आधीच ठेवलेली असते. तोडणी भल्या पहाटे, उन्हं चढायच्या आत, छोट्या क्रेटमध्ये. मणी फुटला की रस आंबायला लागतो आणि द्राक्ष काळं असेल तर सालीचा रंगही उतरतो.

महाराष्ट्रात हे आज सुरू झालेलं नाही. 1980च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावजवळ फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाईन केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही विकली जायची. त्या काळात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका गावातून अशी वाईन युरोपात जात होती, हे मला अजूनही फार मोठं वाटतं. पुढे 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकभोवती वायनरी वाढल्या. सुला वायनरीची ब्रूट ही स्पार्कलिंग वाईन आली. 2013 मध्ये शँडॉन या फ्रेंच घराण्याने नाशिक भागात तयार केलेली स्पार्कलिंग वाईन बाजारात आणली, ती शेनिन ब्लाँ, शार्दोने आणि पिनो न्वार यांची.

यांची शॅम्पेनशी तुलना लोक लगेच करतात. मला वाटतं, ती घाई आहे. शॅम्पेनच्या खडूच्या जमिनीतून आणि थंडीतून जो धारदारपणा येतो तो इथे शोधू नये. नाशिकच्या शेनिनमध्ये पेरू असतो, पिकत आलेलं अननस असतं, कधी मधाची झाक असते. हे आपल्या हवेचे वास आहेत. ते ओळखू यायला लागले की बाटलीचा आनंद दुप्पट होतो.

आंबटढाण का लागली?

आता आत्याचा पहिला प्रश्न. लेबलवर 'ब्रूट' लिहिलं होतं. गाळ काढल्यावर शेवटी जी गोड वाईन घालतात, तिच्या प्रमाणावरून हे शब्द ठरतात. 'ब्रूट नेचर'मध्ये लिटरला 3 ग्रॅमपेक्षा कमी साखर, 'एक्स्ट्रा ब्रूट'मध्ये 6 पर्यंत, 'ब्रूट'मध्ये 12 पेक्षा कमी. म्हणजे ब्रूटच्या एका ग्लासात अर्ध्या चमच्याहूनही कमी साखर. मग येतं 'एक्स्ट्रा ड्राय', 12 ते 17 ग्रॅम. इथे सगळे फसतात. नाव ऐकून वाटतं की ही सर्वांत कोरडी, म्हणजे सर्वांत कमी गोड, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. बरीच प्रोसेक्को याच वर्गातली. पुढे 'सेक' 32 पर्यंत, 'देमी-सेक' 50 पर्यंत, आणि त्यावर 'दू'.

वाईन गोड नव्हती आणि आत्याने आधी केक खाल्ला होता. खाणं वाईनपेक्षा गोड असलं की जिभेला वाईनमधला सगळा गोडवा हरवल्यासारखा होतो आणि नुसता आंबटपणा उरतो. चहाआधी जिलबी खाऊन बघा, तोच चहा अगोड लागेल. वाढदिवसाला केक आणि ब्रूट ही जोडी आपण सिनेमात पाहून उचलली, पण जिभेवर ती जुळत नाही. केकच द्यायचा असेल तर मोस्कातो किंवा देमी-सेक आणावी.

ब्रूटची खरी सोबत तळलेल्या, खारट पदार्थांशी. कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा. आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो; भज्यांवर लिंबू पिळतो तेच काम. वड्याबरोबरची लसणाची तिखट चटणी मात्र लांब ठेवा. बुडबुड्यांनी आणि अल्कोहोलने तिखटाची आग वाढते.

बाटली उघडण्याबद्दल

मुंबईत बाटलीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गॅसच्या शेगडीजवळच्या कपाटात ठेवलेली वाईन शिजल्यासारखी होते आणि दाबही वाढतो. फ्रिजमध्ये तीन-चार तास तरी ठेवावी, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून अर्धा तास. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटतं. 6 ते 8 अंश पुरे.

गार बाटली जरा तिरकी धरायची, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून दूर. अंगठा बुचावर ठेवूनच तारेची कडी सहा अर्धे वेढे उलट फिरवून सैल करायची. मग बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची बाटली. बूच स्वतःहून वर सरकू लागतं. त्याला सोडायचं नाही, उलट थोपवत राहायचं. शेवटी उसासा टाकल्यासारखा बारीक आवाज यायला हवा. मोठा आवाज आणि उसळलेला फेस म्हणजे दोन वर्षं बाटलीत सांभाळलेला वायू एका क्षणात वाया. आणि निसटलेलं बूच डोळ्याला लागलं तर इजा गंभीर होते, हे मी फार कळकळीने सांगतो.

ग्लास आधी साबणाचा अंश न राहता धुवावा आणि सुती फडक्याने पुसावा. फडक्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू काचेला चिकटतात आणि बुडबुड्यांची माळ त्यांच्यापासूनच उठते. अगदी गुळगुळीत, निर्मळ काचेत बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत. साबण राहिला तर फेस लगेच मरतो. उंच, अरुंद ग्लासात माळ छान दिसते, पण वासासाठी मध्ये थोडा फुगीर आणि वर निमुळता ग्लास जास्त चांगला. नसेल तर साधा वाईनचा ग्लास घ्या, काही बिघडत नाही.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवून ठेवला की वायू जात नाही, असं आतेभाऊ सांगत होता. चमच्याने काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी मिळतं ते पकड असलेलं बूच लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर एक-दोन दिवस फेस बरा राहतो.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, तेव्हा ती कोथिंबीर वड्यांचे उंडे वाफवत होती. तिने पहिल्या चार वड्या तळल्या, एक गरम वडी खाल्ली आणि त्याच नाशिकच्या ब्रूटचा घोट घेतला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग काकांना हाक मारली, "अहो, आता घेऊन बघा. आणि पुढच्या वर्षी केक शेवटी कापायचा."